सत्तर-तीस

श्रीनाथ आरवाडेचा खोकला खरं तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातच थांबला होता. पण ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नाही. सांगावं असा त्याचा इथे आखातात एकच माणूस होता, आणि नेमकं त्याच माणसाला ती कळू द्यायची नव्हती.

त्या माणसाचं नाव हारुन. मूळचा म्हसळ्याचा, पन्नाशीला टेकलेला, अल कुसैसमधल्या एका गल्लीत व्हेपच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या, दुकानात काउंटरवर बसायचा. दुकानाच्या एका बाजूला कडक चहाचा कॅफेटेरिया होता, दुसऱ्या बाजूला शिंपी. श्रीनाथची बिल्डिंग तिथून चार मिनिटांवर.

श्रीनाथ स्वतः मिरजेचा. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एसीचे डक्ट बनवणारी कंपनी आहे, तिथे तो एस्टिमेटर होता. ड्रॉइंग बघायची, पत्रा किती लागेल ते काढायचं. सतरा वर्षं हेच काम. गेल्या जूनमध्ये मुलगी स्वानंदी अकरावीला पुण्यात गेली आणि तिच्याबरोबर बायको अपूर्वाही गेली. दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे, असं तिघांनीही एकमेकांना सांगितलं. विमानतळावरून परत आल्यावर श्रीनाथने घरातले दिवे लावले आणि मग एक एक करून बंद केले. बसायला एकच खोली पुरत होती.

दिवसभर कंपनीत हिंदी आणि इंग्रजी. फोरमन इजिप्तचा, त्याचं 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला चला, सकाळी सुरू व्हायचं ते संध्याकाळी 'खलास' म्हणेपर्यंत. मराठी म्हणजे फक्त फोनवरची दहा मिनिटं. त्यातही अपूर्वा स्वयंपाकात आणि स्वानंदी पुस्तकात. "बाबा, आय हॅव अ टेस्ट टुमॉरो. टॉक लेटर?" असं ती म्हणायची, आणि हा "हो हो, कर अभ्यास" म्हणून फोन ठेवायचा.

सिगारेट दिवसाला दोन होत्या, त्या ऑगस्टपर्यंत बारा झाल्या. अपूर्वाला फोनवरून खोकला ऐकू गेला आणि तिने शपथ घातली. श्रीनाथने शपथ पाळली, सिगारेट सोडली. सोडली म्हणजे व्हेप घेतलं. हे काही त्याने तिला सांगितलं नाही.

पहिल्यांदा दुकानात गेला तेव्हा हारुन फोनवर बायकोशी बोलत होता. "अगो शहनाझ, छपरावरची कौलं बघितलीस काय? नाय? मग कधी बघणार, परतीच्या पावसाने आत यायला सुरुवात केल्यावर?" श्रीनाथ दारातच थांबला. तीन महिन्यांत कुणीतरी समोरासमोर मराठी बोलताना तो पहिल्यांदा ऐकत होता. फोन संपल्यावर त्याने विचारलं, "कोकणातले का तुम्ही?"

"म्हसळा. तुमी?"

"मिरज."

"मग उभे कशाला? बसा." हारुनने काउंटरखालून एक स्टूल ओढून दिलं.

हारुनने त्याला मशीन दाखवलं, मग बाटल्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं. "वास आणि निकोटीन म्हणजे चमचाभर समजा, भाऊ. बाकी बाटली भरते ती दोन द्रवांनी. एक पीजी, एक व्हीजी. पीजी पाण्यासारखं. घशाला ठसका देतं, सिगारेटवाल्याला तोच पाहिजे असतो. व्हीजी मधासारखं घट्ट, गोडसर. धूर ढीगभर, पण घशाला मऊ."

"तब्येतीला चांगलं कोणतं?"

"दोन्ही खायच्या जिनसांत घालतात. केकात, खोकल्याच्या औषधात. व्हीजी तर वनस्पती तेलातून काढतात." हारुन हसला. "पन्नास-पन्नासने सुरुवात करा. पस्तीस दिरहम. म्हणजे आपले आठशेच्या वर झाले, पण करायचं काय?"

पन्नास-पन्नासने आठ दिवसांत श्रीनाथचा घसा खरवडून निघाला. ओठ सुकले, मानेवर बारीक पुरळ आलं, कोरडा खोकला लागला. पुढच्या मंगळवारी तो पुन्हा गेला. हारुनने मान टॉर्चखाली बघितली, एखाद्या वैद्याने बघावी तशी. "तुम्हाला पीजी सोसत नाय. काही लोकांचं असतं तसं. सत्तर-तीस घ्या. सत्तर व्हीजी."

सत्तर-तीसने पुरळ गेलं. दहा दिवसांत खोकलाही गेला. मंगळवारी कंपनीतून सुटल्यावर श्रीनाथ हे सांगायलाच दुकानात शिरला. हारुनने आधीच शेजारून दोन बिनदुधाचे सुलेमानी चहा मागवून ठेवले होते, स्टूल पुसून ठेवलं होतं. याला बघताच त्याने विचारलं, "काय म्हणतो घसा? काळजी लागली होती मला."

काळजी लागली होती, असं कुणी समोर उभं राहून म्हणून किती दिवस झाले होते. घसा बरा झाला म्हटलं की आज चहा होईल, पण पुढच्या मंगळवारी यायचं ते कशासाठी? एक बाटली महिनाभर पुरते. श्रीनाथने मान हलवली. "अजून आहे हो," म्हणाला, आणि एकदा खोकून दाखवलं.

तिथून ते सुरू झालं. हारुनने ऐंशी-वीस काढून दिलं. मग निव्वळ व्हीजी. मग दुसऱ्या कंपनीचं सत्तर-तीस, मग कमी निकोटीनचं. दर मंगळवारी नवी बाटली. देण्याआधी हारुन मागच्या खोलीत जाऊन स्वतः चार-पाच झुरके ओढून बघायचा. "आधी मी बघतो. तुमचा घसा नाजूक." मग दोघं तासभर बोलत बसायचे. सुरुवात बाटलीपासून व्हायची, पण दहा मिनिटांत गाडी कुठच्या कुठे जायची. म्हसळ्याच्या बाजारात मिळणारे सुके बोंबील, मिरजेच्या शाळेतले मास्तर, शहनाझने पाळलेल्या कोंबड्या, स्वानंदीचे मार्क. गिऱ्हाईक आलं की हारुन उठायचा, त्याला दोन-तीन वास ओढून दाखवायचा आणि परत येऊन बरोबर तुटल्या वाक्यापासून पुढे सुरू करायचा.

श्रीनाथने तर एक्सेलमध्ये तक्ता केला. तारीख, प्रमाण, घसा, खोकला, झोप. एस्टिमेटरच तो. खोकल्याच्या रकान्यात तो मनाने आकडे भरायचा, कधी चार, कधी सहा, आणि मंगळवारी मोबाइलवर हारुनला दाखवायचा. दोघं त्यावर डोकी जोडून विचार करायचे. घरी बसून तो लेख वाचू लागला. व्हीजी फार तापलं तर त्यातून डोळे-घसा जाळणारी वाफ तयार होते, पीजीचंही काही वेगळं नाही, असं त्याने एकदा हारुनला सांगितलं.

"एवढं वाचू नका हो," हारुन म्हणाला आणि खोकला.

तो खोकला श्रीनाथने ऐकला. डिसेंबर होता. ओला, खोल खोकला. "तुम्हाला काय झालं?" त्याने विचारलं. "धूळ," हारुन म्हणाला. पुढच्या मंगळवारी जिना चढून आल्यासारखा त्याला दम लागला होता, आणि तो तर नुसता काउंटरमागे बसलेला. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. डॉक्टरला दाखवा, असं श्रीनाथ म्हणाला. एकदाच म्हणाला. मग दोघं नव्या बाटलीकडे वळले.

जानेवारीच्या तिसऱ्या मंगळवारी काउंटरवर हारुन नव्हता. मिथुन नावाचा दुसरा सेल्समन होता. "हारुनभाई हॉस्पिटल में है, सर. संडे को साँस अटक गयी. आपको पीजी चाहिए या व्हीजी?"

श्रीनाथ टॅक्सी करून गेला. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "रिलेटिव्ह?"

"ब्रदर," तो म्हणाला.

तिने त्याच्या ओळखपत्राकडे पाहिलं, स्क्रीनवरच्या हारुनच्या नावाकडे पाहिलं, आणि पास छापून दिला.

हारुन ऑक्सिजनवर होता. नाकातोंडावर मास्क, डोळे मिटलेले, छाती भराभर वरखाली होणारी. नेहमी बाटल्या उचलणारी त्याची बोटं चादरीवर नुसतीच पडली होती. श्रीनाथ पलंगाशी उभा राहिला. त्याला तक्त्यातल्या ओळी दिसू लागल्या. किती बाटल्या? चौदा. प्रत्येकीतले चार-पाच झुरके आधी हारुनचे. आणि कशासाठी? एका बऱ्या झालेल्या घशासाठी.

डॉक्टर हुमेरा तिशीतली होती. आईवडील रत्नागिरीचे, ती वाढली इथेच. मराठी ऐकल्यावर तिला बरं वाटलं, पण बोलताना ती अडखळत होती. "इन्फेक्शन टेस्टमध्ये काही मिळालं नाही, अंकल. दोन्ही लंग्जना सूज आहे. स्टेरॉइड देतोय, रिस्पॉन्स चांगला आहे. कशामुळे, ते शंभर टक्के नाही सांगता येत. पण ते दिवसभर व्हेप करत होते ना? आम्हाला त्याचाच डाउट आहे."

श्रीनाथने मोबाइल काढला. तक्ता उघडून तिच्यापुढे धरला. "यात सगळी प्रमाणं आहेत. तुम्ही फक्त एवढं सांगा, हे पीजीमुळे झालं की व्हीजीमुळे?"

तिने बोटाने तक्ता वरखाली केला. बराच वेळ पाहिला. "पीजी काही लोकांना सूट होत नाही. घसा ड्राय होतो, रॅश येतो. व्हीजी सॉफ्ट वाटतं, पण तापलं की त्यातूनही वाईट गोष्टी निघतात. वर फ्लेवर असतात, त्यांचं तर वेगळंच. सिगारेटपेक्षा कमी वाईट असेल. पण कमी म्हणजे झीरो नाही ना."

"पण केकात घालतात म्हणे दोन्ही."

"घालतात. ते पोटात जातं. छाती म्हणजे पोट नाही, अंकल. तिथे हवेशिवाय काहीच जायला नको." तिने मोबाइल परत दिला. "वीस वर्षांनी काय होतं, ते मला विचाराल तर मला माहीत नाही. लोक ओढायला लागून तेवढी वर्षं कुठे झालीत? आणि तुमचा खोकला? लास्ट एंट्रीत चार लिहिलंय."

श्रीनाथने मोबाइल खिशात टाकला. "बरा आहे आता," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो कंपनीतून सरळ हॉस्पिटलात जाऊ लागला. डब्यात मुगाची खिचडी, ती तेवढी त्याला जमायची. तिसऱ्या दिवशी हारुनचा मास्क थोडा वेळ काढला तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "शहनाझला कळवू नका. ती तिथे एकटी आहे, घाबरेल." श्रीनाथने होकार दिला. पण टेबलावरचा हारुनचा फोन सारखा थरथरत होता. हारुनला झोप लागली तेव्हा श्रीनाथ तो घेऊन बाहेर पॅसेजमध्ये गेला. पाचव्यांदा वाजल्यावर मात्र त्याच्याने राहवेना, त्याने उचलला.

"चार दिवस फोन नाय, मेसेज नाय, काय समजायचं मी?" पलीकडून एकदम भडिमार झाला.

"वहिनी, मी हारुनभाई नाही. मी त्यांचा दोस्त. श्रीनाथ."

 मग हळूच आवाज आला, "मंगळवारवाले?"

श्रीनाथ भिंतीला टेकला. "काय म्हणालात?"

"ते तुमचं नाव नाय घेत. मंगळवारी संध्याकाळी फोन लवकर ठेवतात. म्हणतात, ठेव गो आता, माझा माणूस यायची वेळ झाली." मग तिने एकदम विचारलं, "काय झालंय त्यांना? खरं सांगा, तुम्हाला तुमच्या पोरीची शपथ."

श्रीनाथने सगळं सांगितलं. छातीची सूज, ऑक्सिजन, स्टेरॉइड, आज कालपेक्षा बरं आहे हेही. शहनाझ रडली नाही. औषधांची नावं तिने लिहून घेतली, खायला काय देतात ते विचारलं, आणि म्हणाली, "बरं झालं उचललात. आता रोज तुम्हीच मला सांगायचं. ते खोटं सांगतील."

फोन ठेवल्यावर श्रीनाथला तिथून हलवेना. एक नर्स ट्रॉली घेऊन आली, त्याने वाट सोडली, पुन्हा तिथेच उभा राहिला. 'माझा माणूस.' इतके मंगळवार आपण निमित्त शोधून जात होतो, आणि तिकडे आपली वाट बघितली जात होती.

सातव्या दिवशी ऑक्सिजन काढला. हारुन उशीला टेकून बसला होता, चमच्याने स्वतः खिचडी खात होता. खिडकीतून संध्याकाळचं पिवळं ऊन त्याच्या गुडघ्यांवर आलं होतं. श्रीनाथने आता बोलायचंच असं ठरवलं होतं.

"हारुनभाई, मी तुम्हाला फसवलं. माझा खोकला ऑक्टोबरातच बरा झाला होता. सत्तर-तीसनेच. पुढचं सगळं खोटं होतं. मला नुसतं यायचं होतं दुकानात."

हारुनने चमचा खाली ठेवला. "ठाऊक होतं मला."

"काय?"

"भाऊ, दिवसभर खोकणारी माणसं बघतो मी. खरा खोकला छातीतून येतो. तुमचा दातांतून यायचा." तो हसला, हसता हसता त्याला ढास लागली, श्रीनाथने पाण्याचा ग्लास तोंडाशी धरला. दम परत आल्यावर हारुन म्हणाला, "आणि तुमच्या तक्त्यात खोकला कायम सम आठवड्याला चार आणि विषम आठवड्याला सहा. असं होतं काय कधी?"

"मग बाटल्या कशाला देत होतात? स्वतः कशाला ओढत होतात?"

हारुन खिडकीकडे बघू लागला. "तुम्ही येण्यासाठी खोकत होतात. मी काय करायचं होतं? तुम्ही बरे झालात, या आता, असं म्हणायचं? एकवीस वर्षं इथे आहे मी. माझ्या खोलीत सहा माणसं, सहा भाषा. रात्री सगळे आपापल्या फोनमध्ये. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, सोडा हे सगळं, पीजीही नको नि व्हीजीही नको. दर मंगळवारी म्हणायचो, आज सांगू. मग चहा यायचा."

श्रीनाथने पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला.

"आणि एक ऐका. तुमच्या चौदा बाटल्यांनी नाय झालं हे. रोज तीसेक गिऱ्हाइकं, प्रत्येकाला दोन-तीन वास ओढून दाखवायचे, तीन वर्षं. तुमचा त्यात हिस्सा म्हणाल तर चिमूटभर. उगाच भार घेऊ नका."

चिमूटभर तरी आहेच ना, असं श्रीनाथच्या ओठांवर आलं. पण हारुन पुन्हा खिचडी खाऊ लागला होता, म्हणून त्याने नुसता ग्लास भरून ठेवला.

दहाव्या दिवशी घरी सोडलं. फुप्फुसं पूर्ण भरून यायला महिने लागतील, दुकानात परत बसायचं नाही, असं डॉक्टर हुमेराने बजावलं. हारुनने व्हिसा रद्द करून घेतला. शारजा विमानतळावर श्रीनाथने त्याला सोडलं. एकवीस वर्षांचं सामान दोन बॅगांत मावलं होतं. आत जाण्याआधी हारुन थांबला. "आता कुणी विचारलं ना, पीजी की व्हीजी, काय चांगलं, तर काय सांगाल?"

"काहीच चांगलं नाही म्हणेन."

"तसं नका म्हणू. कुणी ऐकणार नाय." हारुन क्षणभर विचारात पडला. "बसायला सांगा आधी." मग त्याने श्रीनाथला मिठी मारली. त्याच्या बरगड्या शर्टातून लागल्या. तो रांगेत गेला, एकदा वळला आणि दिसेनासा झाला.

त्या आठवड्यात श्रीनाथने मशीन टाकून दिलं. पहिले दहा-बारा दिवस फार वाईट गेले. डोकं भणभणायचं, ड्रॉइंगमधले आकडे दोनदा चुकले, फोरमनवर तो विनाकारण ओरडला. एका शुक्रवारी त्याने अपूर्वाला सगळं सांगून टाकलं, व्हेपपासून विमानतळापर्यंत.  ती रागावेल, असं त्याला वाटत होतं.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"काय सांगायचं? खोकला बरा झालाय तरी खोकतोय, असं?"

"करमत नाही, असं," ती म्हणाली. "मलाही नाही करमत. मीही नाही सांगितलं."

 तिच्या खिडकीखाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. ते दोघांनीही शेवटपर्यंत ऐकलं.

हारुनचा सुरुवातीला दर मंगळवारी फोन यायचा. पण हळूहळू त्यात अंतर पडत गेलं. घरात माणसं होती, पाहुणे यायचे, मागून शहनाझच्या हाका ऐकू यायच्या, आणि हारुनचा आवाज भरदार होत चालला होता. एकदा तर तो बोलता बोलता चढ चढत होता आणि त्याला धापसुद्धा लागली नाही. श्रीनाथला फोन कमी झाल्याचं वाईट वाटलं नाही. निदान त्याने स्वतःला तसं बजावलं.

मार्चमधल्या एका मंगळवारी कंपनीतून सुटल्यावर तो अल कुसैसच्या तळ्याकाठच्या बागेत गेला. अजून उकाडा सुरू झाला नव्हता. फिलिपिनो बायकांचा एक घोळका पुढे चालला होता, मोठमोठ्याने हसत. त्याने पहिली फेरी सावकाश घेतली, दुसरी जरा जोरात. तिसऱ्या फेरीच्या शेवटी लक्षात आलं की आपल्याला दम लागलेला नाही. तो कठड्याशी थांबला आणि पुण्याला फोन लावला. स्वानंदीने उचलला.

"बाबा? इज एव्हरीथिंग ओके? आज तर मंगळवार आहे, मंगळवारी तू कधी करत नाहीस."

"सगळं ठीक. सहज केला."

"ओके. आय हॅव टेन मिनिट्स," ती म्हणाली, आणि मग मराठीत, "काय करतोयस?"

तो तिला तळ्यातल्या बदकांबद्दल सांगू लागला. दोन पांढरी आहेत, एक करडं, करडं सारखं मागे राहतं. ती ऐकत होती, मधेच हसली. चार मिनिटं झाली असतील तेवढ्यात आतून अपूर्वाने तिला जेवायला हाक मारली.

"गो, गो," श्रीनाथ म्हणाला. "जेवून घे."

फोन खिशात टाकून तो थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला. हसणारा घोळका केव्हाच पलीकडच्या काठाला पोचला होता. घरी जाऊन करायचं असं काही नव्हतं. त्याने बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि चौथी फेरी सुरू केली.